दुपारची मच्छरदाणी

कोजागिरीला मुरूमहून तुळजापूरला पायी जाणारी जी मंडळी आहे, तिच्यात शिवकन्येला त्या वर्षी नवं नाव पडलं. ती जवळ आली की कुणीतरी हळूच म्हणायचं, "आली गं मच्छरदाणी," आणि बाया तोंडाला पदर लावायच्या. शिवकन्येला ते ऐकू जायचं. तिनं पहिल्या दिवशी राग धरला, नंतर तेवढी ताकदही उरली नाही.

नाव पाडणाऱ्यांचं फार चुकलं होतं असंही नाही. बाकीच्यांच्या पिशवीत कवड्यांची माळ, परडी, एखादं जास्तीचं लुगडं, चिवड्याची पुडी. शिवकन्येच्या पिशवीत दोन मच्छरदाण्या, त्या बांधायला सुतळीचं बंडल, डास पळवायच्या मलमाच्या नळ्या, आणि सासूसाठी मुद्दाम शिवून घेतलेली मनगटापर्यंत बाह्यांची पोलकी. मंडळींचं सामान वाहणारा टेम्पो सरदारभाईंचा. त्यांनी पिशवी उचलून टेम्पोत ठेवताना विचारलं, "भाभी, देवीला चाललात का लढाईला?"

"आत्याबाईंसंगं चाललेय," शिवकन्या म्हणाली. "काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा."

आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई, गजराबाई. वय सत्तरीला टेकलेलं, अंग काटक, आवाज खणखणीत. त्यांनी एकदा नाही म्हटलं की बालाघाटाचा डोंगर हलवून बघावा, ते सोपं. देवीवर श्रद्धा अशी की सकाळी तिच्या तसबिरीपुढं हात जोडल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत. ती श्रद्धा सून म्हणून शिवकन्येनं डोक्यावर घेतली होती आणि पुढं स्वतःचीही केली होती. कुरबुर श्रद्धेबद्दल कधीच नव्हती. कुरबुर होती ती गजराबाईंच्या कानांबद्दल. त्यांत शिरायचं तेवढंच शिरायचं.

झालं होतं असं. काही वर्षांमागं शिवकन्येचा नवरा राजशेखर मोटारसायकलवरून पडला आणि सोलापूरच्या दवाखान्यात बेशुद्ध पडून राहिला. गजराबाईंनी दवाखान्याच्या पायरीवरच पदर पसरला. आई, माझं पोरगं उठव. पाच कोजागिऱ्या अनवाणी तुझ्या पायाशी येईन, आणि त्या पाच होईपर्यंत तुझ्या वाटेवर अखंड पाणी ठेवीन. पोरगं उठलं. गजराबाई चालायला लागल्या.

पाण्याची जागा ठरली जळकोटजवळ, महामार्गाला लागून असलेल्या बलभीम नावाच्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या शेतात. तिथं त्याचा पत्र्याचा मोठा शेड होता, आणि मंडळींचा दुपारचा मुक्काम दरवर्षी तिथंच पडायचा. शेडलगत लिंबाच्या झाडाखाली गजराबाईंनी दोन मोठे रांजण अर्धे जमिनीत पुरून घेतले. बलभीमच्या घरच्यांकडून शब्द घेतला की पाचवी कोजागिरी होईस्तोवर रांजणाचा तळ कुणाला दिसता कामा नये. पाणी तुटू द्यायचं नाही. वरचेवर भरत राहायचं. त्या घरानंही तो शब्द असा पाळला की काय सांगावं.

चार कोजागिऱ्या झाल्या. चौथीहून घरी आल्यावर थोड्याच दिवसांत गजराबाईंना ताप भरला. अंग दुखतंय म्हणाल्या. चालून आल्यावर अंग दुखणारच, म्हणून घरातल्या सगळ्यांनी ते अंगदुखीवरच टाकलं. त्यांनी शेजारणीकडून दुखण्याची गोळी आणून खाल्ली, वर आणखी एक खाल्ली. मग हिरड्यांतून रक्त आलं तेव्हा धावपळ झाली. उमरग्याच्या दवाखान्यात नेलं तर डेंग्यू निघाला. रक्तातल्या पेशी उतरल्या होत्या. सलाईनच्या बाटलीखाली बसून शिवकन्येनं देवीला किती हाका मारल्या त्या तिच्या तिलाच ठाऊक. त्याच वेळी मंडळींतल्या आणखी दोघी तापानं पडल्या होत्या. एक तर पुढारी बब्रुवानमामांची बायको. गावात म्हणाले, तुळजापूरच्या गर्दीतून आणलं असंल.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी शिवकन्येला बाजूला घेतलं. डेंग्यूचे प्रकार असतात, एक होऊन गेला म्हणजे दुसरा होत नाही असं नाही. उलट दुसऱ्यांदा झाला तर जिवावर बेतू शकतं, आणि या वयात तर फार जपा. डास चावू देऊ नका. हा डास दिवसा चावतो, हे विसरू नका. आणि तापात पॅरासिटामॉलशिवाय दुखण्याची दुसरी गोळी मनानं देऊ नका.

हे सगळं शिवकन्येनं घरी आल्यावर सासूला शब्दाशब्दानं सांगितलं. गजराबाईंनी मान डोलावली. "म्हंजे एकदा होऊन गेला. सुटले. गोवर काय दोनदा निघतो व्हय?"

"आत्याबाई, गोवराचं न्हाय सांगत मी. दुसऱ्यांदा झाला तर जास्त वाईट."

"तू वाईट बोलू नको गं. वाईट बोललं की वाईट होतं."

ही अशी गाठ. पाचवी कोजागिरी जवळ आली तेव्हा राजशेखरनं आईला अडवून बघितलं. अडवून बघितलं म्हणजे काय, दारात उभा राहून "आई, बग बाई" म्हणाला. आईनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. मग तो आत येऊन बायकोला म्हणाला, "तू संगं जाशील तरच मी सोडतो." आईला थांबवायची हिंमत नव्हती, म्हणून बायकोला पाठवलं. शिवकन्येनं मनात म्हटलं, नवस यांच्यासाठी बोललेला, चालणार सासू, आणि राखण माझ्या गळ्यात. पण एका गोष्टीची तिला खरोखर धास्ती होती. या फेरीत सासूला पुन्हा तो ताप घेऊन आणता कामा नये. बाकी लोक हसले तर हसू देत.

पहिल्याच सकाळी पोलक्यावरून झालं. लांब बाह्यांचं पोलकं गजराबाईंनी हातात धरून उलटसुलट बघितलं. "हे कुणाचं?"

"तुमचं."

"एवढ्या उनात? म्या काय चोर हाय का, अंग झाकून फिरायला?" तरी घातलं, कारण शिवकन्येनं दुसरी पोलकी मुद्दाम घरी ठेवली होती. तेवढी अक्कल तिनं लढवली होती.

मग पाय. अनवाणी चालायचं म्हणजे घोट्यापासून खाली सगळं उघडं, आणि डासाला तेच आवडतं. शिवकन्या खाली बसून मलम लावायला लागली तर गजराबाईंनी पाय वर घेतला. "अनवाणी म्हंजे अनवाणी. पायावर काय थापलं तर नवस मोडतो."

"मलम आहे आत्याबाई, चप्पल न्हाय."

"तळपायाखाली आलं म्हंजे चप्पलच की."

"तळपायाला न्हाय लावत. वर लावते."

"वरचं खाली येत न्हाय व्हय चालताना?"

सगळी मंडळी थांबून ऐकत होती. शेवटी बब्रुवानमामांना बोलावलं. मामा म्हणजे मंडळींचं न्यायालय. खांद्यावरचं निशाण त्यांनी दुसऱ्या खांद्यावर घेतलं, विचार केला आणि निकाल दिला. "घोट्याच्या वर लावा. घोट्याखाली देवीची हद्द." शिवकन्येनं कपाळाला हात लावला. डासाला हद्द कोण दाखवणार होतं? पण घोट्याच्या वर तर घोट्याच्या वर. चालता चालता पाण्याच्या निमित्तानं थांबवून तिनं खालीही बोट फिरवलं, ते गजराबाईंना कळलं नाही, किंवा कळून त्या गप्प बसल्या. त्यांचं काही सांगता येत नाही.

महामार्गाला लागल्यावर चहाला थांबले तर ते पंक्चरचं दुकान. दुकानासमोर जुन्या टायरांची उतरंड, आणि प्रत्येक टायरात परतीच्या पावसाचं पाणी. बाया नेमक्या त्या टायरांवर टेकल्या. शिवकन्या एकेकीला उठवून टायर उलटे करत सुटली. दुकानदार आतून बघत होता. तो म्हणाला, "ताई, तुम्ही गिऱ्हाईक हाव का मुकादम?"

"मच्छरदाणी हाय ती," एक बाई म्हणाली आणि चहाचे कप हिंदकळले.

रात्रीचं मात्र जमलं. एका देवळाच्या मंडपात मुक्काम पडला तेव्हा गजराबाई कुरकुरत का होईना, जाळीत शिरल्या. "मच्छरदाणीत निजायला म्या काय बाळंतीण हाय?" असं तीनदा म्हणून झालं आणि त्या घोरायला लागल्या. पहाटे उठल्या त्या मोठ्या ऐटीत. "बग, एक डास चावला न्हाय. झालं तुझं समाधान? आता गुंडाळ ती अन् टाक टेम्पोत. दिवसाढवळ्या तिचं काही काम न्हाय."

"आत्याबाई, हा डास दिवसाच चावतो."

"मंग रात्री कशाला बांधलीस?"

शिवकन्या जाळी गुंडाळायला लागली. काही प्रश्नांना उत्तर दिलं की माणूस स्वतःच वेडा होतो.

पुढच्या दुपारी जळकोटजवळचा शेड आला. पहाटेपासून चाललेली माणसं, डोक्यावर ऑक्टोबरचं ऊन, पायांना फोड. शेडची सावली दिसली तशी सगळे जिथं जागा मिळेल तिथं पडले. गजराबाई मात्र सरळ लिंबाखाली गेल्या, दोन्ही रांजणांना हात लावून नमस्कार केला, आणि तिथंच चवाळं अंथरलं. रांजणांजवळ गार लागायचं. ती जागा त्यांची होती. दरवर्षी त्या आणि त्यांच्या दोघी मैत्रिणी तिथंच पाठ टेकायच्या. बब्रुवानमामांची बायको त्यांतलीच. या वर्षी ती आली नव्हती.

बलभीमची सून राजेश्वरी ताक घेऊन आली. तरणीताठी, हसरी पोर. गजराबाईंच्या पाया पडून म्हणाली, "आजी, एक दिवस चुकले न्हाय बगा. रोज सकाळी कडेपर्यंत भरते. कधी हात घालून ढवळलंसुद्धा न्हाय."

"देवी तुझं बरं करील," गजराबाई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "आता उद्याची एक मजल. मंग सुटले मी."

शिवकन्या टेम्पोतून मच्छरदाणी घेऊन आली आणि लिंबाच्या फांदीला बांधायला लागली. शेडमधून हसू आलं. दुपारी, उघड्यावर, झाडाला मच्छरदाणी. सरदारभाई टेम्पोखाली सावलीत पडले होते, तेही म्हणाले, "भाभी, राहू दे ना. बुढ्यांना जरा हवा लागू दे."

"आत जाणार न्हाय मी," गजराबाई म्हणाल्या. "देवीच्या पाण्यापाशी निजायचं अन् मधी जाळी?"

शिवकन्येच्या हातातली सुतळी तशीच राहिली. तिला तहान लागली होती. भांडण पाणी पिऊन करू, असं ठरवून ती रांजणाकडं गेली. रांजणावर पत्र्याचं झाकण होतं, पण पाणी काढायचं लांब दांड्याचं ओगराळं आतच ठेवलेलं, त्यामुळं झाकण एका बाजूनं उचललेलं आणि चांगली हातभर फट. तिनं झाकण सरकवलं. आत पाणी काठोकाठ, हिरवट. आणि तिची सावली पडली तसं पाण्यात काहीतरी हललं. वर तरंगत असलेले बारीक बारीक काळे दोरे वळवळत तळाला गेले. ती तशीच वाकून राहिली. थोड्या वेळानं ते एकेक करून पुन्हा वर आले.

गजराबाईंच्या आजारपणानंतर सरकारी दवाखान्याची आशाताई घरी येऊन बॅटरीच्या उजेडात बॅरलमध्ये हेच दाखवून गेली होती. डासाच्या अळ्या. तेव्हापासून आठवड्यातून एकदा घरातली सगळी भांडी कोरडी करायची, कडा घासायच्या, कारण अंडी कडेला चिकटून राहतात, हे शिवकन्येच्या हाडात गेलं होतं. आणि इथं चार वर्षं भर घातलेलं पाणी. रांजण कधी उपसला नाही, कधी घासला नाही. शिवाय आता पीत तरी कोण होतं त्यातलं? ज्याच्या त्याच्या हातात बाटली. उन्हानं जेवढं आटायचं तेवढंच पोर रोज भरायची.

तिनं दुसऱ्याचंही झाकण उघडलं. तेच. तिनं वळून बघितलं तर गजराबाई चवाळ्यावर पाय पसरून बसल्या होत्या, आणि त्यांच्या घोट्याखाली, मामांनी ठरवलेल्या देवीच्या हद्दीत, एक पांढऱ्या पट्ट्यांचा डास निवांत बसला होता. शिवकन्येनं पुढं होऊन फटकन हात मारला. हाताला रक्त लागलं. कुणाचं ते देवीला माहीत.

"मारतेस काहून?" गजराबाई दचकल्या.

तेव्हा शिवकन्येचा तोल गेला. इतक्या दिवसांचं साठलेलं एका दमात बाहेर आलं. "आत्याबाई, उठा. इकडं या अन् डोळ्यानं बघा. गेल्या साली कोण कोण पडलं? तुम्ही, मामी, अन् ती तिसरी. तिघी कुठं निजला होतात? इथं, या रांजणाला टेकून. अख्खा मुरूम म्हणतोय तुळजापूरच्या गर्दीतून आणलं. तुळजापूरचं नाव कशाला घेता? तुमच्या नवसाच्या पाण्यातच पोसलेत हे डास."

शेडमधलं हसू थांबलं. राजेश्वरीच्या हातात ताकाची किटली होती, ती तिनं खाली ठेवली. तिचं तोंड एवढंसं झालं.

गजराबाई उठल्या. रांजणात वाकून बघितलं. मग येऊन चवाळ्यावर बसल्या आणि तोंड फिरवून घेतलं.

"उपसून टाकू," शिवकन्या म्हणाली. आवाज खाली आला होता. बोलून झाल्यावर तिला लाज वाटली होती, पण मागं हटायची तिची तयारी नव्हती.

"थांब," बब्रुवानमामा पुढं आले. "उपसायचं म्हंजे? पाचवी कोजागिरी होईस्तोवर तळ दिसू द्यायचा न्हाय, असा बोल हाय. एक मजल उरली. घास तोंडापाशी आला अन् तू ताट काढतीस?"

"मामा, मामी अजून गुडघे धरून चालते ना?"

"चालते. म्हणून का देवीचा बोल मोडायचा?"

"भाभी, थोडं रॉकेल टाका, मरतील किडे," सरदारभाईंनी सुचवलं.

"प्यायच्या पाण्यात?"

"ते पण आहेच," म्हणून ते परत टेम्पोखाली सरकले.

बोल मोडला तर नवस फिटणार नाही, आणि नवस फिटला नाही तर राजशेखरवर काही येईल, ही गजराबाईंच्या मनातली भीती शिवकन्येला दिसत होती. नवरा तिचाही होता. पण रांजण तसाच ठेवला तर आज ही सगळी माणसं दुपारभर इथं पडणार, उद्या परवा कर्नाटकातून तुळजापूरला चालत येणारी माणसं पडणार, पोरंबाळं पडणार. आई भवानी असलं पाणी स्वतःच्या नावावर घेईल का? तिनं मनातल्या मनात विचारलं आणि पदर खोचला.

तेवढ्यात गजराबाई तोंड न वळवताच बोलल्या. "राजेश्वरी, तुझ्याकडं घागर हाय का? तांब्याची?"

"हाय आजी."

"घासून आण. तुमच्या बोअरचं ताजं पाणी भर. हळदकुंकू आण."

मामा म्हणाले, "गजराबाई, काय करताय?"

"नवरात्रात दिव्याची काजळी काढता का न्हाय तुम्ही?" गजराबाई वळल्या. "तुम्ही कशाला काढाल, बाया काढतात. अखंड दिवा म्हणून काजळीसकट ठेवत न्हाय कुणी. आधी त्याच्यावरनं निरांजन लावायचं, मंग वात सारखी करायची, मंग परत दिवा लावायचा. ज्योत तुटत न्हाय. पाण्याचं दुसरं काय हाय? घागर इथं ठेवायची. वाटसरूला घागरीतलं. तोवर रांजण घासायचे."

मामांनी निशाणाची काठी जमिनीवर दोनदा आपटली. शेवटी म्हणाले, "हे मला आधी सुचायला पायजे होतं."

"सुचलं असतं तर माझा पाय घोट्याखाली उघडा ठेवला नसता तुम्ही," गजराबाई म्हणाल्या.

शिवकन्येला हसावं की रडावं ते कळेना. इतकं सोपं होतं, तर एवढा वेळ तोंड फिरवून का बसल्या होत्या? पण पुढं तर आणखीच झालं. घागर आली, तर पूजेला पानं नव्हती. पानं आणायला शेतातून पोर धाडलं. मग नारळ पाहिजे. मग घागरीखाली तांदूळ. शिवकन्या बादली हातात घेऊन उन्हात उभी.

"आत्याबाई, डास थांबतील का तुमची पूजा होईपर्यंत?"

"चार वर्षं थांबले. घटकाभर न्हाय थांबत?"

पूजा झाली. सगळ्यांनी "आई राजा उदो उदो" म्हटलं. आणि शिवकन्येनं मच्छरदाणीची राहिलेली टोकं बांधून सासूकडं बोट दाखवलं. "आता तुम्ही जाळीत. त्याशिवाय मी बादली बुडवणार न्हाय." गजराबाईंनी तिच्याकडं, मग रांजणाकडं बघितलं आणि पहिल्यांदाच वाद न घालता मच्छरदाणीत गेल्या. आत मांडी घालून बसल्या आणि तिथून हुकूम सोडायला लागल्या.

रांजण पुरलेले, कलंडवता येईनात. शिवकन्या आणि राजेश्वरीनं बादल्यांनी उपसलं आणि पाणी लांब, तापलेल्या नांगरटीत नेऊन ओतलं. तिथं ते बघता बघता जिरलं आणि अळ्या ढेकळांवर वाळून गेल्या. उरलेलं पाणी फडक्यानं टिपलं. मग काथ्या घेऊन शिवकन्या कमरेपर्यंत रांजणात वाकली. बाह्या खांद्यापर्यंत वर सारलेल्या, हातांवरचं मलम केव्हाच धुऊन गेलेलं, आणि रांजणाच्या गारव्यात लपलेले डास तोंडासमोर भिरभिरत होते.

"कड घास, कड," जाळीतून आवाज आला. "कडेला अंडी असत्यात."

"माहीत आहे आत्याबाई. मीच सांगितलं होतं."

"मंग घास की."

राजेश्वरी दुसऱ्या रांजणात वाकलेली. हळूच म्हणाली, "काकू, मी चांगलं व्हावं म्हणूनच भरत होते हो."

"तुझी काही चूक न्हाय बाई. तू चांगलंच केलंस. फक्त देवाच्या पाण्यालाही अंघोळ लागते."

रांजण उन्हात वाळवून, झाकणाला ओगराळ्यापुरती खाच पाडून वर फडकं बांधून, घागरीतलं पाणी आधी आणि मग ताजं पाणी भरेपर्यंत संध्याकाळ झाली. गजराबाई जाळीतून बाहेर आल्या, दोन्ही रांजणांना कुंकू लावलं आणि राजेश्वरीला नवा नेम घालून दिला. दर मंगळवारी, देवीच्या वारी, रांजण रिकामा करायचा, घासायचा, वाळवायचा, मगच भरायचा. आधी घागर भरून ठेवायची, विसरायचं नाही. पाच वर्षं झाली तरी हा नेम चालू ठेवायचा.

आणि इथून पुढं शिवकन्येची खरी कटकट सुरू झाली. गजराबाई बदलल्या. म्हणजे, होत्या तशाच राहिल्या, फक्त तोंड दुसरीकडं वळलं. नळदुर्गच्या पुढं चहाला थांबले तर टपरीमागचा फुटका माठ त्यांनीच उलटा केला आणि टपरीवाल्याला अर्धा तास सुनावलं. मामांना म्हणाल्या, "पायाला मलम लावा, दोन्ही हद्दीत." दुपारी विसाव्याला कुणी बाई उघड्यावर पडली की काठीनं ढोसून उठवायच्या. तुळजापूरला गर्दी अशी की तीळ ठेवायला जागा नव्हती, आणि त्या गर्दीत, देवीचं शिखर दिसताच, ज्या क्षणासाठी पाच वर्षं चालल्या, तेव्हा त्यांनी डोळे पुसले, हात जोडले आणि शिवकन्येकडं वळून म्हणाल्या, "बाही खाली कर. मनगट उघडं हाय तुझं."

नवस फिटला. घरी आले. शिवकन्या रोज सकाळी सासूच्या कपाळाला हात लावून बघायची. गार असायचं. दिवस जात होते आणि कपाळ गारच होतं. तिच्या जिवावरचं ओझं हळूहळू उतरत होतं.

आणि एक दिवस पोळ्या लाटता लाटता तिच्याच अंगात कणकण आली. चालल्याचा शीण असेल, असं तिनंच म्हटलं. गोळीच्या डब्याकडं हात नेला.

गजराबाईंनी डबा आधी उचलला. "डोळ्याच्या मागं दुखतंय का?"

"थोडं."

"दुखण्याची गोळी खायची न्हाय. पॅरासिटामॉल घे. राजशेखर, गाडी काढ. रक्त तपासायचं." राजशेखर "आई, उद्या बघू" म्हणणार होता. आईनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. त्यानं गाडी काढली.

डेंग्यूच निघाला, पण वेळेवर. पेशी फार उतरल्या नाहीत, दवाखान्यात ठेवायचं काम पडलं नाही. भरपूर पाणी, पेज, आराम, रोज रक्त तपासणी. आणि डॉक्टरांनी सांगितलं, आजारी माणसाला चावलेला डास दुसऱ्याला ताप देतो, म्हणून दिवसाही मच्छरदाणीत ठेवा. घरात आजी आहेत, त्यांना तर जपाच.

हे शेवटचं वाक्य ऐकून शिवकन्येला तापातही गंमत वाटली. ज्या बाईला जपायला ती एवढी वणवण हिंडली, तिलाच जपायला आता स्वतः जाळीत जाऊन पडायचं होतं.

भरदुपारी माजघरात मच्छरदाणी. बघायला आलेली प्रत्येक बाई दारात थांबून हसायची. बब्रुवानमामा आले, तेही मिशीत हसले. शिवकन्या कूस वळवून भिंतीकडं तोंड करायची. अंग फुटत होतं, तोंडाला चव नव्हती, आणि जाळीत जीव गुदमरत होता.

"आत्याबाई, जरा वर करा ना. हवा लागू द्या. मी काय बाळंतीण आहे का?"

गजराबाई पेजेची वाटी घेऊन आल्या. जाळीची कड हात जाईल एवढीच उचलली, वाटी आत सरकवली आणि कड पुन्हा गादीखाली खोचली. मग बाहेर पाटावर बसून त्यांनी जळकोटला राजेश्वरीला फोन लावला. त्या दिवशी मंगळवार होता.

"रांजण घासला का गं? कड घासलीस? खोटं बोलू नको. झाकणाचा फोटू पाठीव," त्या म्हणाल्या, आणि फोन कानाला तसाच धरून जाळीकडं वळल्या. "तू पी ती पेज. गार झाली तर मीच भरवीन."

शिवकन्येनं वाटी तोंडाला लावली. पेजेत मीठ जास्त झालं होतं. तरी तिनं ती पुरी संपवली.